वाटेवरचे बिडकीन

पैठणच्या वाटेवर बिडकीन लागते. ‘लागते’ हा शब्द मी विचार करूनच वापरला आहे. छत्रपती संभाजीनगरहून या रस्त्याला लागलेला माणूस नाथांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेला असतो, नाथसागरावरचे पक्षी पाहायला निघालेला असतो, नाहीतर घरात लग्न निघाले म्हणून पैठणी घ्यायला. केवळ बिडकीनला जायचे म्हणून घर सोडलेला प्रवासी माझ्या तरी पाहण्यात नव्हता. पन्नासएक किलोमीटरच्या वाटेवर जवळजवळ मध्याला हे गाव. एस. टी. दोन मिनिटे थांबते, कुणी तंबाखूची पुडी घेते, कुणी भज्यांचा पुडा घेते आणि गाडी पुढे निघते. मीही या गावावरून वीस-पंचवीस वेळा गेलो असेन. पण माझ्या आठवणीतले बिडकीन म्हणजे खिडकीतून दिसलेली एक काळीकुट्ट कढई, एवढेच होते.

२०२४ च्या नोव्हेंबरात मात्र मी बिडकीनचे तिकीट काढले. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सोबत सुभेदारसाहेब होते. हे आमच्या शेजारी राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीची अखेरची वर्षे इथल्या छावणीत गेली आणि मग इथलेच झाले. निवृत्त माणसांना काही ना काही छंद लागतो. कुणी गुलाब लावतो, कुणी वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. सुभेदारसाहेबांचा छंद म्हणजे दुसऱ्याचे कागद. एक खाकी पिशवी, तीत कोरे अर्ज, स्टॅम्पपॅड, डिंकाची बाटली आणि एक जाडजूड डायरी. जिल्ह्यात कुठल्याही माजी सैनिकाची पेन्शन अडली, नाव चुकले, विधवेचा अर्ज परत आला, की साहेब पिशवी उचलतात. त्या दिवशी ते एका ‘मेजर’च्या घरी निघाले होते आणि मी, दुसरे काही काम नव्हते म्हणून, त्यांच्यामागून निघालो.

‘मेजर’ या शब्दाबद्दल आधीच सांगून टाकतो. इकडच्या खेड्यांत फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो. मग तो शिपाई असो, नाईक असो की हवालदार. सरकारला बढती द्यायला वीस-वीस वर्षे लागतात. गाव ती एका सुट्टीत देऊन मोकळे होते. त्याच न्यायाने मेजरची बायको मेजरीण. आमचे मेजर कागदोपत्री हवालदार होते.

गाडी मध्यवर्ती बसस्थानकातून सुटली. पूर्वी पैठणला जाणारा माणूस पैठण दरवाजातून शहराबाहेर पडे. दरवाजा अजून जागेवर आहे. शहरच त्याला मागे टाकून पुढे निघून गेले आहे. स्टेशन गेले, नक्षत्रवाडी गेली, कांचनवाडी गेली. रस्त्याच्या कडेने माणूस उभा राहील एवढ्या तोंडाचे लोखंडी नळ. नाथसागराचे पाणी शहराला पाजण्यासाठी ही सगळी तयारी. विधानसभेचे मतदान २० तारखेला होते, त्यामुळे दर फाट्यावर कर्णे बांधलेली रिक्षा उभी आणि तिच्यातून विकासाचा गजर.

गाडीत बायकांचीच गर्दी. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यातून दिवाळीचे दिवस. माहेरपण संपवून सासरी निघालेल्या लेकीबाळी, मांडीवर पोर, पायाशी फराळाचा डबा, अंगावर भावाने घेतलेली नवी साडी. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी ओळख ना पाळख, मला एक अनरसा दिला. तो खात खात मी सुभेदारसाहेबांचे बोलणे ऐकत होतो.

“आमच्याकडं अपशिंगे म्हणून गाव आहे,” ते म्हणाले. “अपशिंगे मिलिटरीच म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची शेहेचाळीस माणसं कामी आली. तिथल्या म्हातारीला अक्षरओळख नसेल, पण पेन्शनीचा कागद कुठला आणि डिस्चार्ज बुक कुठलं, हे तिला बरोबर कळतं. चार पिढ्यांची सवय आहे. इकडं तसं नाही.”

इकडे तसे का नाही, याला इतिहास आहे. इंग्रज सरकारची भरती कोकणात झाली, साताऱ्याला झाली, कोल्हापुराकडे झाली. मराठवाडा निजामाच्या राज्यात. औरंगाबादला छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची पलटण होती. १८५७ साली तिच्यातल्या घोडेस्वारांनी बंड केले आणि त्याचे शासन ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी झाले, तिथला चौक आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. पण गावोगावचे मराठी पोर उठून फौजेत जायचे, ही चाल इथे पडली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले आणि त्यानंतर इथली मुले भरतीच्या रांगेत उभी राहू लागली. म्हणजे घरात शिपाई आला. त्या शिपायाच्या पाठोपाठ कोणकोणते कागद येतात, हे सांगणारी आजी मात्र घरात नव्हती.

चितेगावचे कारखाने मागे पडले, फारोळ्याचे जलशुद्धीकरण केंद्र मागे पडले आणि बिडकीन आले. या वेळी मी उतरलो.

रस्त्यावरून दिसते ते बिडकीन म्हणजे निव्वळ बाजार. कृषी सेवा केंद्रे, मोबाईलची दुकाने, चहाच्या टपऱ्या, सिमेंट-सळईची वखार आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्या. माझ्या ओळखीची कढईही दिसली, जवळून तर ती आणखीनच काळी निघाली. बाजार ओलांडून आत गेले की जुने गाव लागते, आणि गावाच्या अंगाला एक तिसरेच बिडकीन आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे आम्ही गेलो त्याच्या सहा आठवडे आधी, पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले. ७,८५५ एकर जमीन. गुळगुळीत रुंद रस्ते, दुभाजकांत लावलेली झाडे, ओळीने दिव्यांचे खांब. आणि त्या सगळ्यावर तेव्हा माणूस म्हणाल तर एक गुराखी आणि त्याच्या चार म्हशी. म्हशींना मात्र रस्ता पसंत पडलेला दिसला. कारखाने उभे राहतील तेव्हा राहतील.

हीच जमीन दहा-बारा वर्षांपूर्वी कपाशीची, तुरीची, मोसंबीची होती. एकरी २३ लाख रुपये भाव मिळाला. काहींनी बंगले बांधले, काहींनी मोटारी घेतल्या, काहींनी शहाणपणाने दुसरीकडे रान घेतले, आणि काहींचे काय झाले ते विचारू नये. आमच्या मेजरच्या वाट्याची दीड एकरही त्यात गेली. संपादनाच्या वेळी सरकारची माणसे आली होती. त्यांनी विहीर मोजली, पाइपलाइन मोजली, मोसंबीचे एकेक झाड मोजून त्याचे वय लिहून घेतले. हे मला पुढे मेजरीणबाईंनी सांगितले. “झाडाचं बी वय लिहिलं भाऊ,” त्या म्हणाल्या. त्यांना त्याचे कौतुक वाटले होते. मला ते वाक्य परतीच्या वाटेवर फार वेळ आठवत राहिले.

घर गावातच, गल्लीच्या टोकाला. उंबऱ्यावरून थेट रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार बांधलेला. जमिनीच्या पैशातून सगळ्यात आधी झालेले काम हेच. दारात पणत्या तशाच, रांगोळी थोडी विस्कटलेली. आत लोखंडी पलंग, पलंगाशेजारी चाकांची खुर्ची, भिंतीवर गणवेशातला एक उमदा तरुण. पलंगावरच्या माणसात तो तरुण शोधायला मला जरा वेळ लागला.

२००८ साली पहाडातल्या रस्त्यावर फौजेची गाडी दरीत गेली. मेजर वाचले, पाठीचा कणा वाचला नाही. वय तेहेतीस. कमरेखालचे शरीर गेले. लष्करी रुग्णालय झाले, मग खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र झाले. हे केंद्र १९७४ चे, १९७१ च्या युद्धानंतरचे. त्याहून जुनी, १९१७ सालची क्वीन मेरीज तांत्रिक संस्थाही खडकीलाच आहे; जखमी शिपायाला हातचे काम शिकवायचे म्हणून ती निघाली. अपंग सैनिकाच्या बाबतीत पुण्याची परंपरा मोठी आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले, हे आता सर्वांना माहीत आहे. मेजर खडकीला आठ महिने राहिले. खुर्ची चालवायला शिकले, हातांच्या जोरावर पलंगावरून खुर्चीत यायला शिकले. तिथे कायमचे राहायचे का, असा विचारही निघाला होता. पण घर बिडकीनला, पोरगा लहान. मेजर म्हणाले, गावी जाऊ.

गाव आणि खुर्ची यांचे मात्र जमले नाही. खडकीची फरशी इथे नव्हती. आणि सोळा वर्षे सगळे वजन खांद्यांवर तोलून आता खांदेही दुखावले आहेत. त्यामुळे उठवायचे ते मेजरीणबाईंनी, बसवायचे ते त्यांनीच.

मी त्यांना दिवस कसा जातो म्हणून विचारले. शहरी माणसाचा प्रश्न. त्या हसल्या. “दिवस जातो की. रातीचं इचारा.” मग त्यांनी चुलीकडे तोंड करून, चहा ढवळता ढवळता सांगितले. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला तर कातडी सडते. त्याला कळत नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली. म्हणून दर दोन-अडीच तासांनी कूस पालटायची. रात्री बाराला, दोनला, साडेचारला. पहिली दोन वर्षे गजराचे घड्याळ होते. आता लागत नाही, आपोआप डोळा उघडतो. मग लघवीची नळी, पिशवी, पोट साफ करणे, ऊन पाण्याने अंग पुसणे, पाठ न्याहाळणे. पाठीवर तांबडा डाग दिसला की त्या दिवशी दुसरे काही सुचत नाही. एकदा, तिसऱ्या वर्षी, जखम झाली होती ती भरायला चार महिने लागले. “तवापासून झाली नाही,” त्या म्हणाल्या. एवढ्या एका वाक्यापुरता त्यांच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरांनीही हे सांगितले असते तर मी टाचण केले असते, म्हणून मी टाचण केले.

सुभेदारसाहेबांनी एव्हाना पिशवी उघडली होती. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीचा महिना. आपण जिवंत आहोत हे दरसाल सरकारला कळवावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेच्या दारात जावे लागे. मेजरना एकदा टेम्पोत घालून न्यावे लागले होते. एका बँकेत पायऱ्या चढवता येईनात, तेव्हा तिथला माणूस टेम्पोपर्यंत येऊन बघून गेला. आता जीवन प्रमाण आले आहे. आधी अंगठा चाले. २०२१ पासून चेहरासुद्धा चालतो. मोबाईल तोंडासमोर धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची, की दिल्लीला समजते, माणूस आहे.

“मेजर, डोळे मिटा आणि उघडा,” साहेब म्हणाले.

मेजर फोनकडे टक लावून पाहत राहिले. फौजेत कॅमेऱ्यापुढे डोळे मिटायचे नसतात, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. दोनदा यंत्राने नकार दिला. तिसऱ्यांदा मेजरीणबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, मिटा की जरा! मेले म्हणून लिहितील!” मेजर हसले, हसताना डोळे मिटले आणि काम झाले. “माझा अंगठा तर रेशनच्या मशीनलाबी उमटत नाही,” त्या हात पुसत म्हणाल्या. कपाशी वेचून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या.

खरे काम पुढेच होते. आता मी इथे थोडे कायद्याचे बोलणार आहे. वाचकांनी कंटाळू नये, कारण मीही ते त्या पलंगाशेजारी बसूनच समजून घेतले.

निवृत्त शिपायाची काळजी घेणारी यंत्रणा आपल्याकडे जुनी आहे. १९१९ साली पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी बोर्ड निघाले, तेच आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड. राज्यात पुण्याला सैनिक कल्याण विभाग, प्रत्येक जिल्ह्याला त्याचे कार्यालय. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन. २००३ च्या १ एप्रिलपासून माजी सैनिकांची आरोग्य योजना. समान हुद्दा, समान पेन्शन, ज्यासाठी म्हातारे शिपाई २०१५ साली जंतरमंतरवर बसले होते, त्याचा आदेश त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला निघाला. राज्यात माजी सैनिकाच्या घराची घरपट्टी २०२० पासून माफ. एवढे सगळे आहे, आणि ते कमी आहे असे म्हणणाराही त्यातला बराचसा भाग नाकारू शकणार नाही. मेजरची पेन्शन वेळेवर येते, अपंगत्वाचा हिस्साही येतो. कामावर असताना अपघात झाला याबद्दल कुणी वाद घातला नाही. वाद घातला गेला असता तर लवादासाठी मुंबई गाठावी लागली असती, कारण उच्च न्यायालयाचे खंडपीठ संभाजीनगरला असले तरी सशस्त्र दलांचे न्यायाधिकरण मुंबईला आहे.

आणि आणखी एक भत्ता आहे. ज्याला शंभर टक्के अपंगत्व आहे आणि ज्याला सतत दुसऱ्याचा हात लागतो असे वैद्यकीय मंडळ म्हणते, त्याला परिचारकासाठी दरमहा रक्कम मिळते. १ जुलै २०१७ पासून ती ४,५०० ची ६,७५० झाली, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की ती पावपट वाढावी असेही ठरले. मेजरना हा भत्ता पहिली सहा वर्षे मिळालाच नाही. कुणी नाकारला नव्हता. मागायचा असतो हे कुणी सांगितले नव्हते. २०१५ साली सुभेदारसाहेबांनी त्यांचे कागद चाळताना ही गोष्ट पाहिली आणि अर्ज केला.

त्या अर्जाच्या वेळची हकीकत मेजरीणबाईंनीच सांगितली.

“साहेबांनी वाचून दाखवलं, परिचारक. म्या म्हणलं, परिचारक म्हंजी कोण? तर म्हणले, तुम्हीच की वहिनी. मग म्या म्हणलं, माझं नाव कुठंय?”

सुभेदारसाहेब डायरीत पाहत राहिले. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हते, आताही नव्हते. नाव कुठेच नाही. भत्ता पेन्शनराचा, त्याच्या खात्यात, त्याच्या नावावर. तो रुग्णालयात दाखल झाला की त्या दिवसांचा भत्ता थांबतो. हिशेबाने ते बरोबरही असेल. पण रुग्णालयात पलंगाखाली सतरंजी टाकून कोण निजते, हे हिशेबाला ठाऊक नसते.

आपल्या कायद्याला ही बाई अजिबात दिसलेली नाही असेही नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्याच आहे: आईबाप असोत, घरचे कुणी असो, मोबदला घेऊन असो वा मोबदल्याशिवाय. ज्यांना फार आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याच्या योजना कराव्यात, असेही त्यात लिहिले आहे. सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत, ही पुस्ती जोडून. म्हणजे शब्द आला आहे. शब्दाच्या मागे यायचे ते अजून वाटेत आहे.

इंग्लंडात १९७६ साली असा भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहित बाईला त्यातून वगळले होते. कारण काय, तर ती नाहीतरी घरीच असायची! दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, आजारी आईची सेवा करणारी एक विवाहित स्त्री युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा ती अट गेली. अमेरिकेने २०१० साली सैनिकांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर दरमहा रक्कम, सेवेचे शिक्षण, त्याला विमा नसेल तर आरोग्याची सोय, आणि वर्षातून निदान तीस दिवस विसावा. आधी हा कायदा सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरताच होता. व्हिएतनामच्या शिपायांच्या बायका, तोवर म्हाताऱ्या झालेल्या, विचारू लागल्या की आमचे काय. २०१८ च्या कायद्याने त्यांनाही घेतले आणि २०२२ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने सर्वांना लागू झाला. अमेरिका श्रीमंत आहे हे मला मान्य आहे. पण तीस दिवसांच्या विसाव्याची कल्पना श्रीमंतीतून आलेली नसावी. कुणीतरी एखाद्या बाईला, रात्रीचे कसे जाते, हे विचारले असावे.

हे मी घरात बोलून दाखवले. मेजरीणबाई चहाची कपबशी हातात घेऊन ऐकत होत्या.

“तीस दिवस?” त्या म्हणाल्या. “मग ती बाई जाती कुठं?”

“कुठेही. माहेरी जाईल.”

त्यांचे माहेर गोदावरीच्या पलीकडे, गेवराई तालुक्यात. फार लांब नाही. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा गेल्या होत्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. भाऊबीजेला भाऊच येतात, दोघे, एका मोटारसायकलवर. ओवाळून घेतात, जेवतात आणि जाण्यापूर्वी मेजरची दाढी करून देतात.

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “अन् तवर त्या शिपायाला कोण पालटतं?”

“सरकार दुसरे माणूस पाठवते.”

“त्याला रातीची जाग येते का?”

मला उत्तर देता आले नाही. पलंगावरून मेजर म्हणाले, “जा की तू. मी बघतो.” त्यांनी ते बरेच वर्षांपासून म्हणत असल्यासारखे म्हटले, आणि बाईंनीही ते बरेच वर्षांपासून ऐकत असल्यासारखे ऐकले.

पैठणच्या नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे कावडीने पाणी आणून तो भरत होता आणि तो कोण हे तो निघून गेल्यावर कळले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. नाथषष्ठीच्या दिंड्या बिडकीनवरूनच जातात. मेजरीणबाई दारात उभ्या राहून त्यांना पाणी देतात. पुढे पंचवीस किलोमीटरवरच्या पैठणला त्या लग्नानंतर एकदा गेल्या होत्या. त्याच पैठणला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी केली. तेव्हा पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन महिनाही उलटला नव्हता आणि जय जवान, जय किसान ही त्यांची घोषणा लोकांच्या तोंडी नवी होती. या घरात जवानही होता आणि दीड एकरांचा किसानही. दोघांचे करणारी एकच.

आता त्या दिवशीचे मुख्य काम. लग्नात आपल्याकडे तांदळात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. मेजरीणबाईंचेही लिहिले. फौजेच्या रेकॉर्डला तेच सासरचे नाव गेले. पुढे आधार कार्ड काढताना शाळेचा दाखला जोडला, त्यावर माहेरचे. आज एकाच बाईची दोन नावे सरकारदरबारी आहेत आणि सरकारच्या दृष्टीने त्या दोन बायका आहेत. मेजर आहेत तोवर काही अडत नाही. उद्या त्यांचे काही झाले, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी या बाईला आधी सिद्ध करावे लागेल की आपण त्यांची बायको होतो. अशी प्रकरणे सुभेदारसाहेबांच्या डायरीत कितीतरी आहेत. मेजर जिवंत आहेत, हाताने सही करू शकतात, तोवर प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावे एकाच बाईची, हे रेकॉर्डला कळवायचे. सोळा वर्षे अंग उचलणाऱ्या बाईचा, आपण त्या घरच्या आहोत याचा कागद व्हायचा होता.

मागाहून, २०२५ मध्ये, दोन गोष्टी झाल्या त्या इथेच सांगतो. २६ जुलैला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहाय्यता योजना काढली. सैनिक बोर्डांतच मोफत कायदेशीर मदतीची केंद्रे. आणि पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना मिळणारी दरमहा ४,००० ची मदत १ नोव्हेंबरपासून ८,००० झाली. सुभेदारसाहेबांनी दोन्ही डायरीत तारखेसह लिहून ठेवल्या आहेत.

अर्जासोबत नवराबायकोचे एकत्र छायाचित्र लागते. घरात तसे एकच होते, लग्नातले, आणि त्यात दोघांची तोंडे मुंडावळ्यांनी झाकलेली. साहेब म्हणाले, आत्ताच काढू. मेजरीणबाई आत गेल्या आणि भावांनी आणलेली नवी साडी नेसून आल्या. घडी न मोडलेल्या साडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. त्या पलंगामागे उभ्या राहिल्या.

“तसं चालत नाही वहिनी,” साहेब म्हणाले. “शेजारी बसा. दोघांची तोंडं एका उंचीला पाहिजेत.”

आम्ही मेजरना उठवून भिंतीला टेकून बसवले. म्हणजे उठवले बाईंनीच. आम्ही दोघे नुसते हात लावून उभे होतो. एक हात काखेतून, एक गुडघ्यांखालून, ‘हं’ असा एक हुंकार, आणि साठ-पासष्ट किलोंचा माणूस बसता झाला. मग त्यांनी पदर सारखा केला, मेजरची कॉलर सारखी केली आणि अंतर ठेवून शेजारी बसल्या. साहेब म्हणाले, जवळ सरका, चौकटीत येत नाही. त्या सरकल्या. या वेळी मेजरनी डोळे मिटले नाहीत.

निघताना त्यांनी आम्हाला दोन करंज्या कागदात बांधून दिल्या. बाहेर अंधारू लागले होते. गावाच्या पलीकडे त्या मोकळ्या रुंद रस्त्यांवरचे दिवे एकाच वेळी लागले आणि कपाशीच्या उरलेल्या रानाच्या कडेपर्यंत उजेड आला. गाडीला अर्धा तास होता, म्हणून आम्ही बाजारात झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. दुकानदार पोरसवदा होता. त्याने फोनमधले चित्र संगणकावर मोठे करून पाहिले.

“लग्नाचा वाढदिवस का काका? मागं फुलं टाकू?”

“नको,” सुभेदारसाहेब म्हणाले. “पेन्शनीचा आहे. पांढरंच ठेव मागं. आठ प्रती काढ.”